उशीतला नंबर

वर्षश्राद्ध पार पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सूर्यकांत आप्पांचा फोन हरवल्याचं घरात उघड झालं. आप्पांनी ते स्वतःहून सांगितलं नव्हतं. पहाटेपासून ते खाटेखाली, कोनाड्यात, देवघरातल्या समईमागं हात घालत होते आणि कोणी विचारलं की "काही न्हाई" म्हणत होते. शेवटी पिठाच्या डब्यात डोकावताना सूनबाईंनी त्यांना पकडलं.

"आप्पा, पिठात काय शोधून राहिले?" संपदानं विचारलं.

"काही न्हाई."

"ते दिसूनच राहिलं. पण काय?"

"फोन."

संपदानं आपल्या फोनवरून नंबर लावला. फोन बंद असल्याचं एका बाईनं आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगितलं. एवढ्या शिकलेल्या बाईनं सांगितल्यावर शंकेला जागा उरली नाही.

"काल रात्री कुठं ठेवला होता?"

"काल न्हाई. परवा. नेहमीच्या जागी ठेवला होता, उशीत."

"कोणच्या उशीत?"

दोघांनी मिळून माजघरातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

तो फोन मुळात आप्पांच्या बायकोचा, प्रेमाकाकूंचा. रात्री तो उशीच्या खोळीत घालून झोपायची त्यांची सवय होती. म्हणजे वाजला तर आपल्याला ऐकू येतो आणि घरातल्या बाकीच्यांची झोप मोडत नाही. काकू गेल्या, तेव्हा फोन आप्पांकडे आला, उशी आली आणि सवयही आली. आता वर्षश्राद्धात वारलेल्या माणसाच्या नावानं गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या असं दान देतात. माणूस पुढच्या वाटेवर आहे, त्याला लागेल, असा त्यामागचा विचार. आप्पांनी सगळं नवं आणलं होतं. फक्त नवी उशी विटेसारखी निघाली. काकूंची मान आधीच दुखायची. एवढ्या लांबच्या वाटेला असली उशी कशी द्यायची, म्हणून ऐन वेळी आप्पांनी ती बाजूला केली आणि काकूंची जुनी उशी गादीवर ठेवली. मग हातावर पाणी घेऊन 'न मम', म्हणजे हे आता माझं नाही, असं खणखणीत आवाजात म्हटलं. दान घेणारे धुंडिराज गुरुजी गादी, उशी आणि छत्रीसकट टेम्पोत बसून आपल्या गावी, कुरुंद्याला गेले.

संपदानं गुरुजींच्या नंबरवर फोन लावून तो आप्पांच्या हातात दिला.

"हां, उशीत फोन निघाला की," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, मुद्दाम ठेवला तुम्ही. आजकाल लोक काय काय देतात. मागं एकानं कूलर दिला."

"चुकून गेला, गुरुजी."

"बरं मंग, घेऊन जा. माझी काही हरकत न्हाई. पण तुम्हाला चालतं का? पाणी सोडलं तुम्ही. दान परत घेतल्याचा दोष माझ्याकडं येत न्हाई, तुमच्याकडं येतो. तुमचं घराणं देवाच्या सेवेतलं. तुम्हाला मी काय सांगावं."

गावातल्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आप्पांच्या घराकडे होती. दान परत घेऊ नये, हे आप्पांनी स्वतः आजवर कित्येकांना ऐकवलं होतं, आणि तेही न विचारता. त्यामुळे आता माघार घेणं कठीण होतं.

"राहू द्या तुमच्याकडंच," आप्पा म्हणाले.

"तुम्ही म्हणता तर राहू देतो. चार्जर मातर न्हाई आला. तो बघा, कोणच्या गादीत हाय का."

संपदानं कपाळाला हात लावला. "जाऊ द्या आप्पा. दुसरा फोन घेऊ साधा. सिम तर फुकट वाटून राहिले चौकात, छत्रीखाली बसून. नवीन नंबर घ्या."

"नंबर तोच पाहिजे."

"काहून?"

"पाहिजे," आप्पा म्हणाले आणि पिठाच्या डब्याचं झाकण लावून टाकलं.

काहून, ते त्यांना सुनेला सांगता येण्यासारखं नव्हतं. दर संकष्टीला प्रेमाकाकूंना बायकांचे फोन येत. चंद्र किती वाजता उगवणार, एवढंच विचारायचं असे. चंद्र काही डोंगरकड्याच्या स्टँडवरून सुटणारी गाडी नव्हे. प्रत्येकीच्या घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात वेळ छापलेली होती. पण कुरुंद्याच्या नानीबाईपासून कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरच्या मोतीबाईपर्यंत सगळ्या जणी काकूंना विचारल्याशिवाय चंद्रावर विश्वास ठेवत नसत. काकू गेल्यावर आलेल्या पहिल्या संकष्टीला फोन वाजला तेव्हा आप्पांनी तो उचलला आणि कॅलेंडर पाहून वेळ सांगितली. दहाव्याला येऊन रडून गेलेल्या बायकाही पुढच्या महिन्यात पुन्हा विचारू लागल्या. महिन्यातून एक दिवस आप्पांचं घर टपाल कचेरीसारखं गजबजायचं.

सगळ्यांना काकू गेल्याचं माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या मोतीबाईला. हिंगोलीच्या दवाखान्यात काकूंच्या बाजूच्या खाटेवर मोतीबाईचा सेवा नावाचा मुलगा भरती होता, तेव्हाची ती ओळख. गावातलं, नात्यातलं मधे कोणीच नव्हतं, त्यामुळे बातमी तिच्यापर्यंत पोचली नाही. पहिल्या संकष्टीला तिनं विचारलं, "काकू कुठं हाय?" आप्पा सांगणार होते. पण बाई दिवसभराची उपाशी. उपाशी माणसाला तसली बातमी देत नसतात. तिचा घास अडकला तर पाप कोणाला? म्हणून आप्पा म्हणाले, "देवळात गेली." पुढच्या वेळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पण मोतीबाई फोन करायची ती संकष्टीलाच, आणि संकष्टीला ती उपाशीच असायची. आपणही मधल्या एखाद्या दिवशी तिला फोन करू शकतो, ही गोष्ट आप्पांच्या लक्षात आली नव्हती असं नाही. पण लक्षात आलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस कुठं करतो? प्रेमाकाकू वर्षभर देवळातच होत्या. आणि खरं सांगायचं तर, महिन्यातून एकदा कोणीतरी "काकू कुठं हाय" असं सरळ विचारतं, हे आप्पांना वाईट वाटत नव्हतं.

आता संकष्टी आठवड्यावर आली होती आणि फोन कुरुंद्याला होता. धुंडिराज गुरुजी सरळ माणूस. विचारलं की सांगून टाकतील. मोतीबाईचा फोन यायच्या आत तो नंबर आपल्या हातात हवा, एवढं आप्पांनी पक्कं केलं. फोनचं दान केलं, उशीचं केलं. नंबरावर काही पाणी सोडलं नव्हतं.

स्टँडजवळच्या मोबाइल दुकानात विश्वजीत बसतो. लग्नाच्या पत्रिकांपासून पीकविम्यापर्यंत सगळं त्याच दुकानात होतं. सिम हरवलंय म्हटल्यावर त्यानं नजरही वर केली नाही.

"काही टेन्शन न्हाई, आप्पा. पन्नास रुपये चार्ज हाय. हरवलं तरी पन्नास, चोरीला गेलं तरी पन्नास, म्हशीनं खाल्लं तरी पन्नास. कंपनी भेदभाव करत न्हाई."

"दे मंग."

"असं कसं? आधी पोलीस ठाण्याचा कागद आणा. सिम गेलं म्हणून. न्हाई तर उद्या कोणीबी येईल आणि माझं हाय म्हणल."

ठाण्यात रणजीत नावाचा जमादार टेबलामागे बसून संत्रं सोलत होता. त्यानं एक फोड आप्पांना दिली आणि कागद पुढं ओढला.

"हरवला का चोरीला गेला?"

आप्पांना खोटं बोलणं जमत नसे. मोतीबाईचं सोडून. "दान केला," ते म्हणाले.

रणजीतनं पेन खाली ठेवलं. "बाबा, मंग तक्रार कोणावर? दान घेणाऱ्यावर गुन्हा दाखल करू का?"

"नका करू. भला माणूस हाय तो."

"शेवटी कुठं पाहिला होता?"

"उशीत."

"उशी कुठं हाय?"

"कुरुंद्याला."

"म्हणजे वस्तू कुठं हाय ते तुम्हाला माहीत, कोणाकडं हाय ते माहीत, तुम्हीच दिली तेबी माहीत. आणि मी लिहू, की सापडून नाही राहिली." रणजीतनं संत्र्याची बी खिडकीतून बाहेर थुंकली. "मी नोकरीला लागल्यापासून अशी तक्रार पहिली. बरं, फोनचं जाऊ द्या. सिमचं सांगा. सिम डोळ्यानं दिसून राहिलं का तुम्हाला?"

"न्हाई."

"झालं मंग. दिसत न्हाई ते गहाळ." आणि त्यानं सुंदर अक्षरात लिहून दिलं, की अर्जदाराचं सिम कार्ड राहत्या घरातून उशीसह गहाळ झालं आहे, कोणावर संशय नाही.

विश्वजीतनं तो कागद दोनदा वाचला. उशीचं तो काही बोलला नाही. त्यानं मशीन पुढे सरकवलं. "अंगठा ठेवा." आप्पांनी अंगठा ठेवला. मशीननं तांबडा दिवा दाखवला.

"आप्पा, सिम कोणाच्या नावावर हाय?"

"प्रेमाच्या."

"मंग काकूंचा अंगठा लागन." बोलून गेल्यावर विश्वजीतच्या ध्यानात आलं. त्यानं उगाच काउंटर पुसला. "हे माझ्यानं नाही व्हायचं. तुम्ही हिंगोलीला जा, कंपनीच्या मोठ्या दुकानात."

मोठ्या दुकानात इतका गारवा होता, की तिथं काम करणाऱ्यांना दुपारीसुद्धा स्वेटर लागत असे. काचेमागे नीलांबरी नावाची मुलगी होती. तिच्या बोलण्यात 'सर' हा शब्द मिठासारखा होता, कशातही पडे.

"ग्राहकाला स्वतः यावं लागेल, सर."

"ती येऊ शकत न्हाई."

"आजारी आहेत का, सर? आमचा माणूस घरी येतो. बोटाचा ठसा घेऊन जातो."

"वारली."

"ओह. सॉरी, सर." नीलांबरीनं मान खाली घातली. किती वेळ घालायची, हे कंपनीनं शिकवलेलं असणार, कारण ती बरोबर वेळेवर वर आली. "मग ठसा कसा घ्यायचा, सर?"

"ते मलाबी कळून नाही राहिलं. अंगठा ठेवून घ्यायचं तवा सुचलं न्हाई."

नीलांबरीनं आत जाऊन कोणाला तरी विचारलं. बाहेर येऊन तिनं हसत सांगितलं, की मालक वारला असेल तर आधी नंबर वारसाच्या नावावर होतो, मग नवीन सिम मिळतं. मृत्यूचा दाखला लागेल. बाकी वारसांचं ना हरकत लागेल. चार्ज मात्र तेवढाच, सर.

दाखला घरात होता. ना हरकत नांदेडला होती, कारण मुलगा प्रज्ञेश, संपदाचा नवरा, तिकडे नोकरीला होता. आईच्या फोन नंबरावर आपला कसलाही हक्क नाही आणि भविष्यातही तो सांगणार नाही, असं त्यानं स्टॅम्प पेपरवर लिहून ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं. शेताच्या वाटण्या याहून कमी कागदात होतात. स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स आणि हिंगोलीच्या फेऱ्या यांत त्या पन्नास रुपयांचा काही पत्ताच लागला नाही. पण कंपनीचा दर शेवटपर्यंत पन्नासच राहिला, हे मान्य करायला हवं.

संकष्टीच्या दिवशी सकाळी आप्पा सगळे कागद घेऊन पुन्हा काचेपुढं बसले. नीलांबरीनं पैसे घेतले, पावती दिली, नवीन सिमचं पाकीट दिलं.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालंच, सर. फक्त जुन्या सिमवर एक ओटीपी जाईल. तो सांगितला की हे सिम सुरू."

"बाई, जुनं सिम माझ्याकडं असतं तर मी इथं काहून आलो असतो?"

"सिस्टीम तसं विचारते, सर. फोन कोणाला सापडला असेल तर त्यांच्याकडून घ्या ना."

सिम गहाळ असल्याचा सरकारी कागद तिच्यासमोरच पडला होता. त्यावर बोट ठेवून, ते कुठं आहे हे मला ठाऊक आहे, असं म्हणायला आप्पांना जड गेलं. "बघतो," ते म्हणाले. ओटीपी गावातल्या दुकानातूनही पाठवता येतो असं कळल्यावर ते दुपारच्या गाडीनं परत निघाले.

वाटेत त्यांनी धर्मशास्त्र तपासलं. फोन दानात गेला. पण ओटीपी अजून जन्मालाही आलेला नाही. जी वस्तू दानाच्या वेळी अस्तित्वातच नव्हती ती मागितली तर परत घेतल्याचा दोष लागत नाही. हा निवाडा त्यांना स्वतःलाच आवडला.

संध्याकाळ झाली तेव्हा आप्पा विश्वजीतच्या दुकानात स्टुलावर बसले होते. विश्वजीतनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

"गेला ओटीपी. दहा मिनिटं चालतो. घ्या माझा फोन, लावा."

आप्पांनी नंबर लावला. पलीकडे कोणीतरी बोलत होतं. थोडं थांबून पुन्हा लावला. पलीकडे अजून बोलणं चालूच होतं.

"गुरुजी कोणाशी एवढं बोलून राहिले?" विश्वजीतनं विचारलं.

आप्पांना ते ठाऊक होतं. नानीबाई असणार. ती चंद्राची वेळ विचारून झाली की सुनेवर येते आणि सुनेवरून लवकर हलत नाही. त्या ओटीपीची मुदत नानीबाईच्या सुनेत संपली. विश्वजीतनं दुसरा पाठवला. तोही बराचसा तसाच गेला, आणि मग एकदाची घंटी वाजली.

"नऊ वाजून सहा मिनिटं," गुरुजींनी फोन उचलताच सांगितलं. "कोण बोलून राहिल्या?"

"गुरुजी, मी सूर्यकांत."

"आप्पा? अहो, फोन हाय का गिरणी हाय ही? शेजाऱ्याचा चार्जर लावला, तर दुपारपासून उसंत न्हाई. दोन सत्यनारायण ठरले, एक वास्तुशांत ठरली. आजवर लोकांनी छत्र्या दिल्या. छत्र्यांनी घर भरलं माझं. पण असं दान कोणी दिलं नव्हतं, आप्पा."

"गुरुजी, त्यावर एक आकडा आला असंल."

"आकडे येऊनच राहिले. थांबा, चष्मा घेतो. कोणचा वाचू?"

विश्वजीतनं हाताची बोटं दाखवली. तीन मिनिटं उरली होती. आप्पांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं,

"गुरुजी, कनेरगाव नाक्याच्या मोतीबाईचा फोन आला का?"

"आला की. तुमच्या थोडा आधी."

आप्पांनी पेन खाली ठेवलं. "काय सांगितलं तिला?"

"ती म्हणली, काकू कुठं हाय. मला कळलं, हिला काही माहीत न्हाई. सांगणारच होतो. शब्द तोंडात आला होता. तेवढ्यात तीच म्हणली, वेळ नीट सांगा गुरुजी, सकाळपासून पाणी न्हाई पोटात. आता अशा बाईला काहून सांगावं? सांगत असतात का उपाशी माणसाला?"

"न्हाई सांगत," आप्पा म्हणाले.

"मंग म्हणलं, काकू इकडं आल्यात. कुरुंद्याला, आमच्याकडं. आता फोन माझ्याकडं कसा, हेबी तिला पटायला पाहिजे का न्हाई?"

"बरं केलं."

"बरं कसलं, आप्पा. ती म्हणली, वर्ष झालं, जवा पाहावं तवा काकू देवळात. एवढं काय त्या देवानं धरून ठेवलं म्हणली. आता बाहेर पडल्यात तर मी भेटूनच घेते. सोमवारी येऊन राहिली ती. सेवाला पोरगी झाली, तिला काकूंच्या मांडीवर ठेवायची म्हणली."

विश्वजीतनं घड्याळावर टिचकी मारली. "आप्पा, आकडा."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, पण त्यांचं लक्ष तिथं नव्हतं. "तुम्ही काय म्हणलात मंग?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"या म्हणलं. पाहुण्याला नका येऊ कसं म्हणावं? आता तुम्ही या बरं का सोमवारी. मला एकट्याला नाही झेपायचं. आणि आप्पा, ठेवतो मी. दुसऱ्या बाई लाइनवर थांबल्यात."

फोन बंद झाला. कॉम्प्युटरवर मुदत संपल्याची तांबडी ओळ आली.

"काय राव, आप्पा," विश्वजीत म्हणाला. "सगळं इचारलं, तेवढंच न्हाई इचारलं. आणखी एक पाठवू का?"

"राहू दे आज."

"चार्ज वाया जाईन हां तुमचा."

"जाऊ दे."

घरी संपदा दारातच उभी होती. "झालं का चालू?"

"सोमवारी कुरुंद्याला चाललो मी," आप्पा म्हणाले.

"फोन आणायला? मी म्हणतच होते, तो दोष-बिष काही नसतो."

"फोन आणायला न्हाई."

"मंग काहून?"

आप्पांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि बऱ्याच वेळानं खरं काय ते सुनेला सांगितलं. मोतीबाई, देऊळ, उपास, सगळं. संपदा हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "मी येते सोबत," एवढंच म्हणाली आणि ताटं घ्यायला आत गेली.

सोमवारी आप्पा आणि संपदा सकाळच्या गाडीनं कुरुंद्याला पोचले. गुरुजींनी अंगणात सतरंजी टाकून ठेवली होती. सोमवारचा मोतीबाईला उपास नसतो, हे त्यांनी आदल्या दिवशी फोन करून तिलाच विचारून घेतलं होतं. तरी आधी तिला जेवू घालायचं, असं तिघांचं ठरलं. मोतीबाई आली, सून आली, नातही आली. जेवणं झाली. पान झालं. मोतीबाईनं हात धुतले, नातीला उचलून घेतलं आणि घराच्या आतल्या दाराकडे पाहिलं. "काकू देवळात गेल्यात," तिघंही एकदम म्हणाले.

नवीन सिम अजून चालू झालेलं नाही. मोतीबाईला अजून कोणी काही सांगितलेलं नाही.